घरघर कुणाची होती?

माझं बालपण मिरजेत गेलं. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना पाहणं हा आमचा फुकटचा खेळ होता. कारागीर घोडीवरून कानस हलकेच एकदा फिरवायचा, तार छेडायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि मगच पुन्हा कानस उचलायची की नाही ते ठरवायचा. घासून गेलेलं परत लावता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असे. एवढं पाहून मोठा झालेला मी चाळिशी उलटल्यावर चेन्नईत जे करून बसलो, त्याला घाईशिवाय दुसरं नाव नाही.

कोडंबाक्कमला चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार वाजवलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या घरून मी एक व्हॉक्स एसी-३० घेतला. १९६०च्या दशकातला, इंग्लंडात डार्टफर्डला बनलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. बीटल्स आणि शॅडोज या जातीचे अँप वापरत. आत शेजारी शेजारी दोन बारा इंची सेलेश्चन स्पीकर, अल्निकोच्या चुंबकांचे. आवाज असा की पहिल्या दिवशी जेवायचं राहिलं.

महिनाभरात खालचे स्वर वाजवले की घरघर येऊ लागली. टॉर्च मारून पाहिलं, तर उजव्या स्पीकरच्या कोनला कडेच्या वळ्यांजवळ नखाएवढी चीर. चोर सापडला! स्पीकर काढला, पिशवीत घातला आणि माउंट रोडलगतची रिची स्ट्रीट गाठली. तिथल्या एका बोळातल्या दुकानदाराने कोनवर अंगठा दाबला आणि म्हणाला, “कोन पोच्चु, सार.” कोन गेला म्हणे. नवा टाकू का, विचारलं. मी मान डोलावली.

दोन दिवसांनी स्पीकर मिळाला. स्वच्छ, नवा काळा कोन, नवी कॉइल. घरी येऊन बसवला, खालचा ई वाजवला. घरघर तशीच!

मग मात्र मी एकेक फळी हाताने दाबत बसलो. मागच्या खालच्या फळीवर तळवा ठेवताच आवाज बंद. माझं घर तिरुवान्मियूरला, समुद्र दोन मिनिटांवर. दमट हवेत लाकूड फुगून-आटून एका स्क्रूचं भोक सैल झालं होतं आणि फळी पट्टीवर थरथरत होती. जुन्या टोपीतून कापलेली नमद्याची पट्टी मध्ये सरकवली, काम झालं. खर्च शून्य.

पण उजव्या स्पीकरचा जुना आवाज गेला तो गेलाच. दुकानदाराला दोष देत नाही. त्याच्याकडे देवळांचे, लग्नांचे, सभांचे भोंगे आणि स्पीकर येतात. ते स्पष्ट, दणदणीत वाजले पाहिजेत. त्याने त्याच हिशेबाने जाड कोन घातला. गिटारच्या स्पीकरची गोष्ट वेगळी. त्याचा कागद मुद्दाम पातळ असतो, जोर वाढला की तो जागोजागी वेगवेगळा थरथरतो, आणि साधारण ५,००० हर्ट्झच्या वर तो फारसं काही देतच नाही. तांत्रिक भाषेत हा दोष. वाजवणाऱ्याला हवा असतो तो हाच दोष. तंबोऱ्याची जवारी, तारेची घोडीवरची ती थरथर, तरी दुसरं काय असते? मी दुकानात हे सांगितलंच नाही, कारण तेव्हा मलाच ते कळलेलं नव्हतं.

म्हणून जुना अँप घरात असलेल्यांना चार गोष्टी सांगतो.

आधी घरघरीचा पत्ता शोधा. मोबाइलवरच्या टोन जनरेटरने ८० हर्ट्झपासून हळूहळू वर जाणारा स्वर अँपमधून सोडा (गिटारची सर्वांत जाड मोकळी तार ८२ हर्ट्झच्या आसपास असते) आणि फळ्या, मूठ, जाळी, नावाची पट्टी एकेक करून दाबा. नंतर तोच अँप दुसऱ्या, तितक्याच ओहमच्या स्पीकरवर वाजवून पाहा. स्पीकरची तार बदलताना अँप बंद हवा. व्हॉल्व्हचा अँप स्पीकर न जोडता कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि चॅसी तर उघडूच नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतके व्होल्ट टिकून असतात.

स्पीकरवरच संशय असेल, तर दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून तो सरळ आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासते आहे. मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो. काहीच दाखवत नसेल, तरी कॉइल जळली असं लगेच धरू नका. टर्मिनलपासून कोनपर्यंत जाणारी वेणीसारखी बारीक तार हलून हलून तुटते, आणि ते काम सोल्डरच्या एका थेंबाचं असतं.

चीर असेल तर कोन बदलू नका, ठिगळ लावा. चहाच्या पिशवीचा रिकामा कागद, पाणी घालून पातळ केलेला फेव्हिकॉल, चिरीच्या दोन्ही अंगांना एकेक पातळ थर. आमच्या हवेत वाळायला पुरता एक दिवस द्या. फेव्हिक्विक कडक होऊन शेजारी नवी चीर पाडतो, आणि अराल्डाइटचं वजन कोनला पेलत नाही.

कॉइल खरोखरच जळली असेल, तर कोन बदलणं आलंच. तेव्हा गिटारचा स्पीकर आहे हे आधी सांगा. कोनच्या कागदाची जाडी, वळ्या आणि कॉइलचे ओहम मूळच्यासारखे हवेत, हे लिहूनच द्या. चुंबक उघडू देऊ नका. अल्निकोचं चुंबक त्याच्या लोखंडी घरातून सुटं केलं की बरीच ताकद गमावतं. फ्रेमवरचे आकडे पुसू देऊ नका. अमेरिकी स्पीकरवर २२०ने सुरू होणारा आकडा म्हणजे जेन्सन, ४६५ने सुरू होणारा म्हणजे ऑक्सफर्ड, आणि शेवटचे दोन अंक बनवल्याचा आठवडा सांगतात. आणि काढलेला कोन परत मागून घ्या. माझा कोन बोळातल्या कचऱ्यात गेला. तो हातात असता, तर निदान कुणाला नमुना म्हणून दाखवता आला असता.

समुद्राकाठच्या घरांसाठी आणखी एक. अँपवर प्लॅस्टिक घालू नका, आत दमटपणा कोंडतो. सुती कापड घाला, आठवड्यातून एकदा तरी वाजवा. आणि जमिनीवर ठेवू नका. २०१५च्या डिसेंबरात या शहराने घराघरांत पाणी पाहिलं आहे.

पुढे डाव्या स्पीकरलाही तशीच चीर गेली. या वेळी मी चहा केला, पिशवी वाळवली आणि ठिगळ लावलं. आता कुणी ऐकायला आलं की मी खुर्ची डावीकडे सरकवतो. का, ते कुणी विचारत नाही.