हत्तीरोग चौघांत कसा वाटावा?

प्रश्न : आमच्या चौघांच्या गटाला हत्तीरोगावर प्रकल्प करायचाय. कामाची वाटणी कशी करावी? – एक विद्यार्थिनी, गोंदिया

उत्तर : ‘लक्षणं तुझी, उपचार माझे’ अशी वाटणी केली, तर शेवटी चार कागद नुसते टाचले जातात. त्यापेक्षा रोगाच्या साखळीची एकेक कडी वाटून घ्या.

पहिलीने कृमी घ्यावा : वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी. दुसऱ्याने तो पसरवणारा क्युलेक्स डास. गल्लीतली तुंबलेली गटारं मोजावीत, शौचालयाच्या गॅस पाइपला जाळी आहे का, हे पाहावं. तिसरीने आरोग्यसेवकांना विचारावं, रक्तनमुना रात्रीच का घेतात? (सूक्ष्म कृमी मुख्यतः तेव्हाच त्वचेजवळच्या रक्तात येतात.) चौथ्याने सामूहिक औषधोपचार : डीईसी, अल्बेंडाझोल ही औषधं; ती दोन वर्षांखालील बाळांना आणि गर्भवतींना का देत नाहीत?

सादरीकरणात मात्र प्रत्येकाने दुसऱ्याचा भाग सांगावा. मग कामचुकारपणा आपोआप उघडा पडतो.