सोंड डावी की उजवी? मुलांना मिती शिकवण्याचा घरगुती खर्च

आमच्या भागातल्या एका शिकवणीत ‘थ्री-डी विचारशक्ती’चे आठ रविवारांचे ६,००० रुपये सांगितले. साहित्य वेगळं. मी मान डोलावली, घरी आलो आणि खर्चाचा कागद मांडला. लांबी, रुंदी, उंची आणि त्यापलीकडची चौथी मिती हे सगळं पाचशेच्या नोटेत बसतं. पण खर्च कुठे करायचा आणि कुठे नाही, हे आधी ठरवायला हवं.

पैसे पहिल्यांदा पुस्तकावर घाला. डॉ. जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह १९७९ साली गिरगावातल्या खटाववाडीच्या ‘मौज’ने काढला. त्यात ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही गोष्ट आहे. डाव्या-उजव्याची आरशासारखी अदलाबदल आणि जोडीला क्रिकेट, एवढंच सांगतो. पुढचं फोडत नाही. सहावी-सातवीतलं मूल स्वतः वाचेल, धाकट्यांना तोंडी सांगा. दादरला छबिलदास गल्लीतल्या ‘आयडियल’मध्ये विचारा. किंमत आवृत्तीप्रमाणे बदलते, म्हणून ३०० धरून चला. वाचनालयाचे सभासद असाल तर हाही खर्च वाचला. सभासद होताना भरलेली अनामत खर्चात धरू नका, ती परत मिळते.

आता मुख्य प्रयोग. बटर पेपरचा एक ताव दहा-वीस रुपयांत मिळतो. त्यातून हातभर लांब आणि तीन बोटं रुंद पट्टी कापा. एक टोक अर्धा पीळ देऊन दुसऱ्याला चिकटवा. हीच ती मोबियसची पट्टी. जर्मन गणिती मोबियस आणि लिस्टिंग या दोघांना ती १८५८ साली वेगवेगळी सुचली. जोडावर डाव्या सोंडेचा छोटा गणपती काढा. पायांकडची कड कुठली ते लक्षात ठेवून, पट्टी सरकवत शेजारी तसाच दुसरा, मग तिसरा काढा. एक फेरी पूर्ण झाली की तुम्ही पहिल्या गणपतीच्या बरोबर पाठीमागे पोचता. तिथे काढलेला गणपती कागदातून आरपार बघा. आधी तो डोक्यावर उभा दिसेल (आजीला अगोदर सांगून ठेवा, नाहीतर प्रयोग तिथेच संपेल, हवं तर डाव्या हाताचा पंजा काढा). पट्टीचा तेवढा भाग फिरवून त्याला सरळ केलात की सोंड उजवीकडे वळलेली असते. सोंड कुणी वळवली नाही, फक्त एक फेरी मारली. आमच्याकडे हे तीन वेळा करून पाहिलं गेलं, कारण पहिल्या वेळी बाबांनी लबाडी केली असा आरोप होता.

इथे मुलांचा एक घोळ हमखास होतो. उजवी सोंड म्हणजे मूर्तीची उजवी, आपली नव्हे. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकासमोर उभं राहिलात तर सोंड आपल्या डाव्या हाताला वळलेली दिसते. दर्शनाच्या रांगेत हे विचारून बघा, वेळ बरा जातो.

दुसऱ्या गोष्टीला पैसे लागत नाहीत. एडविन अ‍ॅबट यांची १८८४ची ‘फ्लॅटलँड’ ही इंग्रजी कादंबरी प्रकल्प गुटेनबर्गवर फुकट आहे. तिचा निवेदक एक चौरस आहे आणि त्याच्या सपाट देशात एक गोल चेंडू येतो. चौरसाला तो आधी ठिपका, मग वाढत जाणारं वर्तुळ, मग पुन्हा ठिपका असा दिसतो. पुस्तक जुन्या वळणाचं आहे आणि स्त्रियांविषयीचा त्यातला उपहास लहानांना कळणार नाही, म्हणून तुम्ही वाचा आणि गोष्ट सांगा. सोबत एक बटाटा घ्या. पातळ चकत्या करा, प्रत्येकीची कड पुठ्ठ्यावर गिरवा, कापा आणि क्रमाने एकावर एक चिकटवा. चपट्या आकारांतून बटाटा उभा राहतो. पुठ्ठा जुन्या खोक्याचा, डिंक वीस-तीस रुपयांचा आणि चकत्यांची काचऱ्या भाजी.

मोठी मुलं असतील तर कोपरे मोजायला लावा. चौरसाला ४, घनाला ८. चौथ्या मितीतल्या पुढच्या आकाराला किती, ते त्यांना सांगू द्या. (१६.)

उन्हाळा संपता संपता परळ-लालबागच्या गणपती कारखान्यांत जा. बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं १० रुपये, लोकलचं ५. आत शिरण्याआधी कारागिरांची परवानगी घ्या आणि ऐन घाईच्या दिवसांत जाऊ नका. मुलाला वही देऊन एकच मूर्ती समोरून, बाजूने आणि पाठीमागून काढायला सांगा. पाठ काढताना मुलं अडतात, कारण पाठ त्यांनी कधी बघितलेलीच नसते. घरी शाडू माती आणा. किलोभर माती साधारण तीस-पन्नास रुपयांना पडते, सणाच्या तोंडावर महाग होते. दोन किलो भरपूर झाली. वाळली तरी भिजवून पुन्हा वापरता येते, रंगीत क्ले वाळली की फेकावीच लागते.

मग वर्ग लावावा का? आठवी-नववीतल्या मुलाला चित्रकलेची आवड असेल तर लावा, पण शासकीय रेखाकला परीक्षेसाठी. तिच्या इंटरमिजिएटला घनभूमिती असते. एकच वस्तू वरून कशी दिसते, समोरून कशी दिसते हे तिथे पट्टीने रेखून दाखवावं लागतं. अर्ज शाळेमार्फत भरायचा असतो. आधी शाळेतल्या कलाशिक्षकांना भेटा, कारण पुष्कळ शाळांत ते स्वतःच तयारी करून घेतात.

माझ्या कागदावरचा हिशेब असा: पुस्तक ३००, बटर पेपर २०, डिंक ३०, माती १००. साडेचारशे झाले. उरलेल्या पन्नासात बस, आणि परतताना दोघांत एक वडापाव.