निकामी बॅटरीचे ओझे कोणी वाहावयाचे?

पनवेलच्या पूर्वेस दिसणाऱ्या माथेरानच्या डोंगरावर मोटारींना बंदी असल्याने, तेथे पिढ्यान् पिढ्या माणसेच माणसांना हातरिक्षात बसवून ओढत आली. डिसेंबर 2022 मध्ये तेथे प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाल्या आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाचे ओझे बॅटरीने उचलले, याचा आम्हांस मनःपूर्वक आनंद आहे. परंतु हीच बॅटरी निकामी झाल्यावर तिचे ओझे कोणावर पडणार, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

विद्युत वाहनांत मुख्यतः दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात : स्वस्त ई-रिक्षांत बहुधा शिसे व गंधकाम्लाची, तर नव्या दुचाकी व मोटारींत लिथियम-आयनची. लिथियम बॅटरीची क्षमता मूळच्या 70 ते 80 टक्क्यांवर आली, की ती वाहनास अपुरी पडते. तरी सौरऊर्जा साठविण्यास ती पुढे काही वर्षे उपयोगी पडू शकते. त्यानंतर तिच्यातून लिथियम, निकेल, कोबाल्ट परत मिळविता येतात. मात्र ती चुकीच्या रीतीने फोडल्यास पेट घेते. शिशाची बॅटरी उघड्यावर फोडून वितळविल्यास शिशाची धूळ मातीत मिसळते आणि बालकांच्या मेंदूस कायमची इजा करते. सेनेगल देशात डाकारच्या एका उपनगरात अशा धंद्यामुळे नोव्हेंबर 2007 ते मार्च 2008 या काळात 18 बालके दगावली.

भारतात 2022 साली बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू झाले. जुनी बॅटरी परत घेऊन तिचे पुनश्चक्रीकरण करविण्याची जबाबदारी उत्पादकावर आली. ती जमिनीत पुरणे वा जाळणे निषिद्ध ठरले. विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांतून 2026-27 पासून 90 टक्के द्रव्य परत मिळविण्याचे उद्दिष्ट आहे.

मग अडचण कोठे आहे? परवानाधारक कारखान्यास धूर, सांडपाणी व कामगारांची सुरक्षा यांवर खर्च करावा लागतो. उघड्यावर बॅटरी फोडणारा हा खर्च टाळतो, म्हणूनच तो भंगारवाल्यास दोन पैसे अधिक देऊ शकतो. ते दोन पैसे वस्तुतः बॅटरी फोडणाऱ्या मजुराच्या व त्याच्या मुलांच्या आरोग्यातून आलेले असतात.

आपल्या तालुक्यास हा धडा नवा नाही. तळोजा औद्योगिक वसाहतीत घातक कचऱ्याच्या शास्त्रीय विल्हेवाटीची सोय आहे. तरीही तेथील कासाडी नदीच्या प्रदूषणाबाबत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागावी लागली. सोय असणे वेगळे आणि कचरा तेथवर पोहोचणे वेगळे.

म्हणून घरची, वसतिगृहाची वा वाहनाची बॅटरी देताना ‘किती मिळतील?’ एवढेच न विचारता ‘ती जाणार कोठे?’ हेही आपण विचारू या. ती विक्रेत्याकडे अथवा अधिकृत संकलन केंद्राकडेच सोपवू या. एका माणसाच्या खांद्यावरून उतरलेले ओझे दुसऱ्याच्या लेकराच्या रक्तात जाता कामा नये.