गॅरेजच्या जागेवर परसबाग करताना

‘आम्ही घेतलेल्या प्लॉटवर आधी बरीच वर्षं गॅरेज होतं. शेड पाडलं, आता घर बांधतोय. मागे परसबाग करायची आहे. मुलगा दोन वर्षांचा आहे. माती तपासून घ्यावी का? दीर म्हणतात, माती परीक्षण झालंय, कार्डही मिळालंय.’ एका वाचक ताईंचा हा प्रश्न.

ताई, माती जरूर तपासा, आणि जेसीबी लावण्याआधी तपासा. दिरांकडचं कार्ड या कामाचं नाही. मृदा आरोग्यपत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब, जस्त, लोह असे पिकाच्या कामाचे बारा घटक असतात. शिसं त्यात नसतं. तुमच्या मुलाच्या दृष्टीने मात्र तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

गॅरेजच्या जमिनीत ऑइल मुरलेलं असतं, ते डागांवरून दिसतं आणि वासावरून कळतं. शिशाचं तसं नाही. गाडीच्या बॅटरीच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग शिसं आणि त्याची संयुगं असतात. जुन्या बॅटऱ्या फोडून प्लेटा काढल्या गेल्या असतील, तर ती जागा सर्वांत धोक्याची. रेडिएटरला दिलेली झाळ, डेंटिंग-पेंटिंगच्या वेळी घासून काढलेला जुना रंग, चाकांच्या बॅलन्सिंगची वजनं यांतूनही शिसं सांडत राहतं. भारतात सन २००० पर्यंत पेट्रोलमध्येही ते होतं. शिसं कुजत नाही आणि पावसाने सहसा वाहूनही जात नाही. ते मातीच्या वरच्या काही इंचांत धरून बसतं, म्हणजे नेमकं मूल जिथे खेळतं तिथे.

दोन वर्षांचं मूल मातीत बसतं, हात तोंडात घालतं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण दहावा भाग शोषला जातो, लहान मुलाच्या शरीरात जवळजवळ निम्मा. आणि त्याचा मेंदू तर याच वयात घडत असतो. सेनेगलमध्ये डाकारजवळ थियारोय-सुर-मेर या वस्तीत जुन्या बॅटऱ्या फोडल्या जात. तिथली माती चाळून बायका शिसं वेचत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथली अठरा मुलं दगावली. तुमच्या प्लॉटवर इतकं शिसं असेल असं मी मुळीच म्हणत नाही. पण मातीतून पोटात जाणारं शिसं काय करू शकतं, हे त्या वस्तीने दाखवून दिलंय.

आता नमुना कसा घ्यायचा ते सांगते. शेजाऱ्यांना, जुन्या मालकाला विचारा: बॅटरीचं काम कुठे चालायचं, रंगकाम कुठे, भंगार कुठे पडायचं? त्या प्रत्येक जागेचा नमुना वेगळा घ्यायचा, संशयाची जागा आणि चांगली जागा एकत्र मिसळायची नाही. मूल खेळणार तिथली वरची एक इंच माती, भाजी लावणार तिथली सहा इंचांपर्यंतची. एका जागेत पाच-सहा ठिकाणची माती स्टीलच्या चमच्याने घ्या, प्लास्टिकच्या बादलीत नीट कालवा आणि त्यातली अर्धा किलो स्वच्छ पिशवीत भरून नाव घाला. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत ‘एकूण शिसे, मिलिग्रॅम प्रति किलो’ असं स्पष्ट लिहून द्या. नुसतं ‘माती तपासा’ म्हटलंत तर पुन्हा नत्र-स्फुरदच हाती येईल.

साध्या मातीत दर किलोमागे साधारण १० ते ५० मिलिग्रॅम शिसं असतं. राहत्या घरांसाठी अमेरिकेची पर्यावरण संस्था पूर्वी ४०० आकड्याला सावध होत असे. २०२४ मध्ये तिने तो २०० वर आणला. घरात लहान मूल असेल तर आकडा १०० च्या पुढे गेला तरी सावध व्हावं असं मला वाटतं. आकडा फार मोठा आला, तर स्वतः खणू नका. उकरलेली माती रस्त्याकडेला टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या मुलापुढे टाकणं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात जाऊन विचारा. आकडा मधला असेल, तर उघडी माती झाका: फरशी, दाट हिरवळ किंवा जाड कापडावर बाहेरची स्वच्छ माती. भाजी वाफ्यात किंवा कुंडीत, विकतच्या मातीत लावा. मेथी-पालकाच्या पानांना धूळ चिकटते, मुळा-गाजर त्याच मातीत वाढतात. ती त्या जमिनीत नकोतच. बांधकाम चालू असताना पाणी मारत राहा, आणि घरात कोरडा झाडू न फिरवता ओलं पुसून घ्या.

मूल त्या मातीत आधीच खेळलं असेल, तर लक्षणांची वाट पाहू नका. चिडचिड, पोटदुखी, बद्धकोष्ठता, उशिरा बोलणं याला शंभर कारणं असतात, आणि पुष्कळ मुलांमध्ये काहीच दिसत नाही. रक्तातलं शिसं तपासा. नमुना शिरेतून द्या, कारण बोटाला माती असेल तर बोट टोचून घेतलेल्या रक्तात आकडा फसवा येतो. एक डेसिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आढळलं तर उगम शोधून तो थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. निर्धोक म्हणावी अशी पातळी कोणतीच नाही. शिसं बाहेर काढणारी औषधं फार वरच्या पातळीला, रुग्णालयात दिली जातात. मूल पुन्हा त्याच मातीत खेळायला गेलं तर तीही वाया जातात. हिमोग्लोबिनही बघा. लोह कमी असलेलं मूल शिसं जास्त शोषतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं तर लोहाचं औषध नेमाने द्या. आणि घरातलं कोणी बॅटरीच्या कामावर जात असेल, तर कामाचे कपडे बाहेरच बदलून, हातपाय धुऊन मगच मुलाला उचलून घ्यावं.