कोण कुठवर खेळले?

गणिताच्या तासाला गुरुजींनी आम्हाला लांबी मोजायला शिकवले. १०० सेंटिमीटर म्हणजे १ मीटर आणि १००० मीटर म्हणजे १ किलोमीटर. मग म्हणाले, घरच्या माणसांना विचारा की दहा वर्षांचे असताना तुम्ही एकटे कुठवर खेळायला जात होता, आणि ते अंतर मोजून आणा. माझ्या दोन पावलांचा १ मीटर होतो. ते मी आधी शाळेच्या टेपने पाहून घेतले.

आमचे आबा १९७२ साली दहा वर्षांचे होते. तेव्हा महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला होता. मोठी माणसे खडी फोडायला जात आणि सुकडी खायला मिळे. आबा शेळ्या घेऊन नदीवर जायचे. नदीला पाणीच नव्हते, म्हणून कोरड्या वाळूत विटीदांडू खेळायचे. विटी बाभळीची. ती कुठवर गेली ते दांडूने मोजायचे, पण एक, दोन असे नाही म्हणायचे. वकट, लेंड, मूंड, नाल असे म्हणायचे. मला हे शब्द गमतीचे वाटले. पण गुरुजी म्हणाले की तेलुगू भाषेत एक, दोन, तीन, चार यांना ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू म्हणतात. म्हणजे आबा खेळता खेळता तेलुगूत मोजत होते आणि त्यांना माहीतच नव्हते!

आबा आणि मी नदीपर्यंत चालत गेलो. ३६४० पावले झाली, म्हणजे १८२० मीटर. मध्येच आबा बोलायला लागले, तेव्हा माझे मोजणे चुकले. परत ओढ्यापासून मोजले. आता वाळू काढून काढून नदीत खड्डे झालेत. पावसाळ्यात ते पाण्याखाली दिसत नाहीत, म्हणून आम्हा मुलांना तिकडे बंदी आहे.

पप्पा १९९७ साली दहा वर्षांचे होते. त्याच साली दूरदर्शनवर शक्तिमान सुरू झाले. आळीत एकच टीव्ही होता. ते बघून झाले की सगळी पोरे वडावर सूरपारंब्या खेळायला पळायची. ज्याच्यावर राज्य असेल तो लांब फेकलेली काठी आणेपर्यंत बाकीच्यांनी झाडावर चढायचे. पप्पा दोनदा पडले, हे त्यांनी आजीला अजून सांगितलेले नाही. (आजी, हे वाचू नको.) रस्ता रुंद केला तेव्हा वड तोडला. पप्पांनी जागा दाखवली, तिथे आता पंक्चरचे दुकान आहे. ९६० पावले, ४८० मीटर.

आजीला विचारले तर ती म्हणाली, "मी विहिरीपर्यंत जायची. पण घागर घेऊन."

"आणि खेळायला?"

"अंगणात. कडेवर धाकटा भाऊ असायचा. पंचमीला मात्र झोका आणि फुगडी."

आजीचे माहेर लांब आहे, म्हणून तिचे अंगण मोजता आले नाही.

आमचा दादा आठवीत आहे. त्याला मैदानापर्यंत जायची परवानगी आहे. पण २०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा अभ्यासाला म्हणून घरात मोबाईल घेतला, आणि तेव्हापासून तो ओट्यावरच असतो. मी त्याच्या नावापुढे ४ पावले लिहिले. तो चिडला.

मला मारुतीच्या पारापर्यंतच सोडतात. २१० पावले, १०५ मीटर. पुढे डांबरी रस्ता आहे. त्यावरून डंपर आणि उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर जातात. मैदान रस्त्याच्या पलीकडे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो भारताच्या मुलींनीही जिंकला. कर्णधार प्रियंका इंगळे ही आपल्या महाराष्ट्राची. मी आईला म्हटले, ती दिल्लीला गेली आणि मी रस्तासुद्धा ओलांडायचा नाही का? आई म्हणाली, "डंपरला खो देता येत नाही." ते खरेच आहे.

मग आबा म्हणाले, मी येतो. आता रोज पाच वाजता ते काठी आडवी धरून रस्त्यात उभे राहतात आणि आम्ही चार मुली पलीकडे जातो. मैदानापर्यंत ६१० पावले होतात, म्हणजे ३०५ मीटर. पण गुरुजींनी "एकटे" असे विचारले होते. म्हणून तक्त्यात मी २१० पेनाने लिहिले आहे आणि त्याच्या शेजारी ६१० पेन्सिलीने.

आणखी कुणाचे आजोबा येणार असतील तर पाच वाजता पारावर यावे. आबांना एकट्याने उभे राहायला कंटाळा येतो.