कर्द्याच्या बंगल्याचा हिशेब

डोंबिवली

चि. अमेय,

फोनच करणार होते, पण फोनवर तू नुसतं "हो आत्या, हो आत्या" म्हणतोस आणि मागे लॅपटॉपची खटखट चालू असते. म्हणून लिहिते आहे. हे मात्र बसून वाच.

काल सांगलीहून नंदावहिनीचा फोन आला. सुनील कर्द्याला येत नाहीये. दुकानात रंगकाम काढलंय म्हणे. अरे, दिवाळीनंतर रंगकाम कोण काढतं? दसऱ्याआधी काढतात. वहिनीनं सांगितलं, मीही "बरं बरं" म्हणून ऐकून घेतलं, आणि दोघींनाही कळत होतं की हे खोटं आहे. मग ती म्हणाली, "सुनील नाही तर मग मीही राहते घरीच." तेव्हापासून मला चैन नाही.

संध्याकाळी विद्याकडून तुझा तक्ता मागवून घेतला. बंगल्याचं भाडं रात्रीला २४,००० प्रमाणे तीन रात्रींचे ७२,०००, माणसं सोळा, डोईमागे ४,५००. बेरीज बरोबर आहे, त्यात काही म्हणणं नाही. पण सुनीलच्या घरची डोकी पाच. त्याला २२,५००. तुम्ही दोघं, तुम्हाला ९,०००. आणि झोपायचं कुठे? तुम्ही वर, समुद्राकडची गॅलरीची खोली, एसी. सुनील, त्याची बायको आणि दोन्ही पोरं खाली मागच्या बाजूला, जिथे पाण्याची मोटर लागते. नंदावहिनी हॉलमध्ये गादीवर. हे लिहिताना तुझ्या काहीच लक्षात आलं नाही?

विद्या असंही म्हणाली की सुनीलनं पोरांचं अर्धं धरायचं का म्हणून विचारलं, तर तू "हिशेब म्हणजे हिशेब, दादा" असं उत्तर दिलंस. मी काही ते ऐकलेलं नाही. सांगणारे दोन शब्द पदरचे घालतात, तेही मला ठाऊक आहे. पण खरंच म्हणालास का रे?

तू आजीला घेऊन एसटीत बस एकदा. पंचाहत्तरीच्या पुढची म्हणून आजीला तिकीटच नाही. बाई म्हणून मला अर्धं. सुनीलच्या सात वर्षांच्या रेवाला अर्धं. चार वर्षांच्या ओमला काही नाही. एसटीच्या कंडक्टरला जे कळतं ते तुझ्या तक्त्याला कळत नाही, तिथे आम्ही चौघंही ४,५०० चेच! रेल्वेनं तर २०१६ पासून आणखी चोख केलंय. पाच ते बारा वर्षांच्या पोराला वेगळा बर्थ हवा तर पूर्ण तिकीट, आईबापाच्या बर्थवरच झोपणार असेल तर अर्धं. म्हणजे पैसे झोपायच्या जागेचे. (त्याच रेल्वेनं २०२० मध्ये म्हाताऱ्यांची सवलत काढून घेतली, तो राग वेगळा.) ओम तर आईच्या कुशीत झोपतो. त्याचे कसले साडेचार हजार घेतोस?

आता तू म्हणशील, परवडत नाही तर सांगायचं ना सरळ. नाही सांगत कुणी, अमेय. आपल्या घरात तर नाहीच. गुडघे दुखतात, मुलांची परीक्षा आहे, रजा मिळत नाही, रंगकाम काढलंय, अशीच कारणं येतात. २०१९ च्या पुरात त्याच्या दुकानाचं काय झालं ते तू पाहिलं आहेस. झेरॉक्सचं मशीन चिखलातून बाहेर काढताना तूच होतास ना त्याच्याबरोबर? तेव्हा आठ दिवस सांगलीत राहिलास, कपडे आणि वह्या उन्हात वाळवल्यास. तो सावरला, पण अजून एका हातानं हप्ते भरतोय आणि दुसऱ्या हातानं दुकान. ही गोष्ट तो ग्रुपवर लिहील असं तुला वाटतं?

तुला कुणी सांगितलं नसेल, तुझ्या बाबालाही पुरतं ठाऊक नाही, म्हणून आज सांगते. दत्ता सामंतांचा संप १९८२ च्या जानेवारीत सुरू झाला, तेव्हा यांची मिलमध्ये टाइमकीपरची नोकरी. पहिले दोन-तीन महिने उमेदीचे गेले. पुढच्या वर्षीचा मे आला तरी मिलचा भोंगा वाजला नव्हता. त्याच मेमध्ये तुझ्या आजोबांनी, अण्णांनी, टूम काढली, सगळ्यांनी मिळून महाबळेश्वरला जायचं. व्यवस्था अप्पाकडे. अप्पाच्या मनात काडीचं पाप नव्हतं, त्यानं घरटी सारखी वर्गणी काढली. सारखी म्हटल्यावर कुणाला काय वावगं वाटणार? मी तेव्हा फॉल-पिको करून घर चालवत होते. डब्यात पैसे होते ते मंदारच्या शाळेचे.

मी कळवून टाकलं, मंदारला गोवर आलाय.

चांगल्या धडधाकट पोराच्या नावावर मी दुखणं लावलं. ते सगळे गेले. वेण्णा लेकवर फोटो काढला, तो तुमच्या हॉलमध्ये लावलाय तोच. त्यात मी नाही, हे नाहीत, मंदार नाही. परत आल्यावर नंदावहिनी स्ट्रॉबेरीच्या जॅमची बाटली घेऊन आली आणि मंदारच्या अंगावर हात फिरवून म्हणाली, "डाग राहिले नाहीत हो, बरं झालं." मी मान हलवली. पुढच्या मार्गशीर्षात अण्णा गेले. सगळ्या मुलांना एकत्र घेऊन त्यांनी केलेला तेवढा एकच प्रवास. अप्पाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की ताईच्या पोराला गोवर आला होता. मी एकदा म्हटलं असतं, "अप्पा, पैसे नाहीत," तर तो मला उचलून घेऊन गेला असता. नाही म्हणवलं. आणि आता त्याच अप्पाचा मुलगा मला रंगकाम सांगतोय.

म्हणून तुझ्यावर चिडले. पण सुनीलचे पैसे मी भरतो असा मोठेपणा मात्र करायला जाऊ नकोस. तसं केलंस तर तो या वर्षीच काय, पुढेही येणार नाही. त्याला खोटं बोलायची वेळच येऊ नये, एवढं बघायचंय.

मी काल रात्री कोऱ्या कागदावर मांडून पाहिलं. पैसे माणसांवर लावण्याऐवजी खोल्यांवर लाव. वरच्या दोन खोल्या २०,००० च्या, खालच्या दोन १३,००० च्या, हॉल ६,०००. झाले ७२,०००. हॉलमध्ये मी आणि नंदावहिनी, तीन-तीन हजार. सुनीलकडचे १६,००० होतात. तुझ्या बाबाचे आणि विद्याचेही थोडे उतरतात, फक्त तुझेच वाढतात, हे मला दिसतंय. माझे आकडे पटले नाहीत तर बदल. आंब्याची पेटी आली की अण्णांचा नियम असायचा, ज्यानं वाटे घातले त्यानं शेवटी उचलायचं. मी वाटे घातलेत, मी हॉल घेतला. तू वाटे घातलेस तर तू शेवटी खोली निवड, मग बघ तुझ्या हातून आकडे कसे सरळ पडतात ते! २०,००० जड जात असतील तर तेही मोकळेपणी सांग, मला तरी सांग.

जेवणाचं वेगळं ठेव, ज्याच्या ताटात सुरमई त्याचे सुरमईचे. गाडीचं ज्याचं त्यानं बघावं. बाबा म्हणत होता, त्यापेक्षा गणपतीपुळ्याला एमटीडीसीत ज्यानं त्यानं आपापली खोली घेऊ. सोयीचं आहे, टीटीएमएम, कुणाचा कुणाला त्रास नाही. पण मग सगळे एका पडवीत कसे बसणार? आजी नव्वदीच्या पुढे आहे. तिला सगळी पतवंडं एकदम बघायचीत. म्हणून सुनील यायलाच हवा. फिरून फिरून तेच लिहितेय, कळतंय मला.

एवढं बोलले, आता दुसरी बाजू. विद्यानंच सांगितलं की आगाऊ ३६,००० तू तुझ्या कार्डावरून भरलेस आणि आजपर्यंत कुणीही तुला एक रुपया पाठवलेला नाही, उलट "एसी आहे ना", "गरम पाणी आहे ना", "उपवासाचं मिळेल ना" एवढंच विचारतात. बंगलेवाल्याशी तू बोलायचं, आजीला खालचा कमोड आहे का ते तू बघायचं, आणि हिशेब मांडला की वाईटही तूच. जो पुढे होतो त्याला आपल्याकडे असंच गृहीत धरतात. तक्ता करताना रात्रीचा एक वाजला असेल, डोळे मिटत असतील. मग कुणी अर्धं-पाऊण विचारलं की तोंडातून एखादा शब्द जातोच. गेला असेल तर जाऊ दे.

माझे ३,००० विद्याकडून जीपेवर पाठवते आहे. बाकीच्यांकडून वसुली माझ्याकडे दे. आत्याला नाही म्हणायची कुणाची छाती नाही. सुनीलला तू स्वतः फोन कर, ग्रुपवर लिहू नकोस. पैशांचं काढूच नकोस. पुराच्या वेळचं काहीतरी बोल, त्या ओल्या वह्यांचं. मग म्हण, "खोल्यांप्रमाणे नवा हिशेब केलाय, आत्यानं भंडावून सोडलं." माझ्यावर ढकल खुशाल.

आणि गॅलरीची खोली तुम्हीच घ्या. लग्न झाल्यापासून तुम्ही दोघं कुठे गेलाच नाहीत. आधी तुझं ते बेंगळुरूचं काम, मग शर्वरीच्या वडिलांचं ऑपरेशन. परवा ती बोलताना फार दमलेली वाटली. आजी पहाटे पाचला उठून सगळ्यांना हलवत सुटते, पण जिन्याच्या तोंडाशी माझी गादी असेल. तुमच्या दाराशी मी तिला फिरकू देणार नाही. दोघंही पोटभर झोपा.

तुझी,
आत्या