भाताची क्षारसहनशीलता: वाणाची निवड आणि पांढऱ्या लोंब्यांचे निदान

भारतात सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन क्षारबाधित आहे. यांपैकी किनारपट्टीवरील खार जमिनींत आणि गंगेच्या मैदानातील चोपण जमिनींत खरिपात प्रामुख्याने भात घेतला जातो. साचलेल्या पाण्यात हे पीक टिकते व ते पाणी क्षारांना मुळांच्या खाली नेते. तथापि भात मूलतः क्षारांना संवेदनशील आहे. जमिनीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ३ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा वाढल्यास प्रत्येक एककामागे उत्पादनात सरासरी १२ टक्के घट येते, असे मानले जाते. वाहकता ६ असल्यास एक तृतीयांशाहून अधिक उत्पादन हातचे जाते. माती परीक्षण अहवालात बहुधा माती व पाणी यांच्या १:२ द्रावणाची वाहकता असते. ती संपृक्त अर्कापेक्षा बरीच कमी येत असल्याने तो आकडा या मर्यादेशी थेट ताडून पाहू नये.

सहनशीलता अवस्थेनुसार बदलते

उगवणीच्या वेळी आणि फुटवे येताना भात क्षार बऱ्यापैकी सहन करतो. कोवळे रोप आणि पोटरी ते फुलोरा या अवस्था मात्र नाजूक असतात. केरळच्या पोक्काळी भातातून ओळखला गेलेला ‘सॉल्टोल’ हा जनुकीय भाग सोडियम-पोटॅशियमचे संतुलन राखून मुख्यतः रोपावस्थेत संरक्षण देतो. फुलोऱ्यातील सहनशीलता ही स्वतंत्र बाब आहे. म्हणून वाण निवडताना तो कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या जमिनीत सहनशील आहे, हे विचारावे. कोकणातील खार जमिनींसाठी पनवेल १, २ व ३ हे वाण आहेत. कर्नाल येथील संस्थेचा सीएसआर ३६ चोपण जमिनीसाठी उपयुक्त आहे. चोपण जमिनीत यशस्वी ठरलेला वाण खार जमिनीतही यशस्वी होईलच असे नाही.

खोडकिडा की क्षार?

पाऊस लवकर थांबला की शेतातील पाणी आटते, क्षार वर येतात आणि नेमक्या फुलोऱ्यात परागकण निकामी होतात. लोंब्या पांढऱ्या, पोचट दिसतात. त्यांना खोडकिड्याची पळींज समजून कीटकनाशक फवारल्यास खर्च वाया जातो व मित्रकीटक मरतात. निदानासाठी पुढील खुणा तपासाव्यात:

- खोडकिड्याने ग्रासलेली लोंबी ओढताच सहज निघते. खोडाला छिद्र व आत विष्ठा किंवा अळी आढळते. क्षारबाधित लोंबी सहज निघत नाही.
- किडीमुळे संपूर्ण लोंबी पांढरी पडते. क्षारांमुळे बहुधा काही दाणे भरतात, काही पोचट राहतात आणि पानांची टोकेही करपतात.
- पळींज शेतात विखुरलेली असते. क्षारांचे नुकसान ठराविक पट्ट्यांत दिसते व तेथे माती सुकल्यावर पांढरा थर येतो.

व्यवस्थापन

३० ते ३५ दिवसांची रोपे प्रत्येक चुडात ३ ते ४ याप्रमाणे लावावीत. लावणीपूर्वी पावसाच्या पाण्याने क्षार धुऊन काढावेत. पोटरी ते फुलोऱ्यात गोड्या पाण्याचा थर राखावा. पिवळेपणा पाहून जादा युरिया देऊ नये. त्याने क्षारांचा ताण जात नाही, उलट तपकिरी तुडतुडे व पाने गुंडाळणाऱ्या अळीला आमंत्रण मिळते. विस्तार कार्यकर्त्यांनी लावणीपूर्वी आणि पोटरीच्या वेळी अशी दोनदा वाहकता मोजावी. पहिल्या नोंदीवरून वाण योग्य आहे का, हे समजते. दुसऱ्या नोंदीवरून पाणी कोठे आधी द्यावे, हे ठरवता येते.